शाळेच्या फाटकाबाहेरचे पन्नास मीटर

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पालक व व्यापारी बांधवांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षांचा काळ संस्थेच्या जीवनात लहान नसतो. ज्या मुलांना पाठशाळेत बोट धरून आणले, त्यांची नातवंडे आज येथे पहिल्या रांगेत बसलेली आहेत. अशा मंगल प्रसंगी वक्त्याने गौरवाचे चार शब्द बोलावेत, अशी प्रथा आहे. गौरव अवश्य व्हावा. परंतु ज्या पिढीच्या हाती ही संस्था सोपवायची, ती पिढी दुपारच्या मधल्या सुट्टीत काय खाते, याचा विचार केल्याशिवाय पुढील पन्नास वर्षांची चर्चा अपुरी राहील, असे मला वाटते. म्हणून आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटणारा, पण प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी येऊन ठेपलेला असा निवडला आहे. तो म्हणजे शाळांच्या परिसरातील खाद्यपदार्थ आणि त्यांच्या जाहिराती.

धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या गावी हा प्रश्न कोठला, तो तर मुंबई-पुण्याचा, असे कोणी म्हणेल. आपल्या शहरातील कोणत्याही माध्यमिक शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटे उभे राहावे. घंटा होते, मुलांचा लोंढा बाहेर पडतो. समोर टपरीवर पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांच्या लडी तोरणासारख्या टांगलेल्या असतात. शेजारी कंपनीने दिलेला, कंपनीचेच नाव मिरवणारा शीतपेयांचा फ्रीज असतो. पलीकडे चायनीजची गाडी, तिच्याजवळ समोसा-वड्याची कढई, आणि वडा बांधून द्यायला कालचे वर्तमानपत्र. दुकानाची पाटीसुद्धा दुकानदाराच्या नावापेक्षा शीतपेयाचे नाव मोठ्या अक्षरांत सांगते, कारण ती पाटी कंपनीने फुकट रंगवून दिलेली असते.

आता वयाचा विचार करा. पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेत शिजवलेले अन्न मिळते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली ही योजना सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या आदेशानंतर शिजवलेल्या जेवणाची झाली आणि २०२१ पासून ती ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखली जाते. परंतु ती आठवीपाशी थांबते. एकाच माध्यमिक शाळेच्या आवारात आठवीतला मुलगा खिचडी खातो आणि नववीत गेलेला त्याचा भाऊ खिशात दहा रुपये घेऊन फाटकाबाहेर जातो. ज्या वयात उंची वाढते, हाडे भरतात, मुलींच्या शरीरात लोहाची गरज वाढते, नेमक्या त्याच वयात मुले टपरीच्या स्वाधीन होतात. सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी, असा दिनक्रम असलेल्या मुलाचे घरचे जेवण दिवसातून जेमतेम एकदा होते. रात्री नऊला शिकवणीहून परतणाऱ्या मुलाला रात्रिभोजनत्यागाचा नियम सांगताना आईच्या मनाची काय घालमेल होते, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको.

याचा परिणाम काय होतो? केंद्र शासनाने २०१६ ते २०१८ या काळात देशभर केलेल्या सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आढळली, आणि सुमारे ५ टक्के मुले प्रमाणाबाहेर वजनाची. रक्तक्षय सुमारे २८ टक्के मुलांमध्ये होता. मुलींमध्ये हे प्रमाण ४० टक्के, मुलांमध्ये १८ टक्के. म्हणजे कुपोषण आणि स्थूलता ही दोन संकटे एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर बसलेली आहेत. पुडीतील पदार्थाने पोट भरल्याचा भास होतो, घरच्या डब्याची भूक मरते, आणि शरीराला मिळते ते मीठ, साखर व तेल. धाराशिव हा देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेला, वारंवार दुष्काळ सोसलेला जिल्हा आहे. येथील सामान्य घरातील दहा रुपये म्हणजे कष्टाचे दहा रुपये. ते पौष्टिक अन्नावर खर्च न होता रंगीत वेष्टनावर खर्च व्हावेत, ही केवळ आरोग्याची हानी नाही.

साखरेचा हिशेब आपण व्यापाऱ्यांनी तरी सहज समजून घ्यावा. सर्वसाधारण कोला पेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलिटरची बाटली घेतली, तर ती ३० ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे सात-आठ चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक बरे. २००० उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका बाटलीत दिवसाची मर्यादा ओलांडली जाते, आणि त्या बाटलीत अन्न म्हणून काहीच नसते. मिठाचेही तसेच. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा अधिक मीठ नको, असे तज्ज्ञ सांगतात. पुडीवर मीठ लिहिलेले नसते, ‘सोडियम’ लिहिलेले असते. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. एवढा गुणाकार आपल्या मुलांना आपण अवश्य शिकवावा.

आपल्या समाजापुढील वेगळा प्रश्न

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आपण हिरवा ठिपका पाहतो आणि निश्चिंत होतो. हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. त्यात कांदा-लसूण आहे की नाही, कंदमूळ आहे की नाही, हे तो सांगत नाही. मुलांमध्ये सर्वांत लोकप्रिय असलेले वेफर्स हे तर बटाट्याचेच. काही पदार्थांत वापरले जाणारे घटक वनस्पतीपासून तसेच प्राण्यांपासूनही तयार करता येतात आणि वेष्टनावर केवळ क्रमांक छापलेला असतो. १२० हा क्रमांक कारमाइन या किड्यापासून मिळणाऱ्या लाल रंगाचा आहे. ६३१ हा चव वाढवणारा पदार्थ दोन्ही प्रकारे मिळतो. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, घटक वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य, हे उत्पादकाने उघड केले पाहिजे, मग त्याचे प्रमाण कितीही अल्प असो. हा निर्णय आपल्यासारख्या समाजासाठी महत्त्वाचा आहे. तथापि, फाटकाबाहेरच्या गाडीवर वेष्टन नसते. तेथे एकाच कढईत काय काय तळले जाते, हे आपण पाहत नाही, आणि मूल विचारीत नाही.

अलीकडे ‘जैन’ असे लिहिलेल्या पुड्याही मिळू लागल्या आहेत. त्यांत कांदा-लसूण नसेल. साखर, मीठ आणि तेल मात्र तितकेच असते. ज्या घरात आजी कालची पोळी चलितरस म्हणून ताटात घेत नाही, त्याच घरात नातू सहा महिन्यांपूर्वी कारखान्यात तयार झालेला पदार्थ चवीने खातो, आणि वेष्टनावर ‘जैन’ लिहिले आहे म्हणून कोणी त्याला अडवीत नाही. आहाराचा विवेक एका शिक्क्यावर सोपवता येत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी सांगितलेल्या सहा बाह्य तपांकडे पाहावे. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग ही पहिली चारही तपे आहाराशी निगडित आहेत. भुकेपेक्षा थोडे कमी खाणे आणि जिभेचे चोचले आवरणे यांना जेथे तपाची प्रतिष्ठा आहे, त्या परंपरेचे आपण वारस आहोत. आपल्याच जिल्ह्यात, भूम तालुक्यात, देशभूषण-कुलभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र कुंथलगिरी आहे. तेथेच १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. त्या पहाडाच्या छायेत वाढणाऱ्या मुलांना आपण आहारसंयमाचा पहिला धडा कोठे देतो? पाठशाळेत सूत्र पाठ करून घेतो, आणि पाठशाळा सुटताना प्रभावना म्हणून हातात वेफर्सची पुडी किंवा चॉकलेट ठेवतो. मुलांनी यातून कोणता अर्थ घ्यावा? चांगले वागल्याचे बक्षीस म्हणजे पुडी, हे आपणच त्यांना शिकवीत आहोत.

जाहिरात : उपदेशाचा नवा प्रकार

जुन्या काळी मुलाला मोह पडे तो समोर दिसणाऱ्या पदार्थाचा. आता पदार्थ समोर येण्यापूर्वी त्याची जाहिरात मनात जाऊन बसते. मोठा क्रिकेटपटू ते पेय पितो, चित्रपटातील नायक ती पुडी फोडतो, पुडीत एखादे चिकटचित्र किंवा खेळणे मिळते. मोबाइलवर तर जाहिरात कोणती आणि करमणूक कोणती, हे मोठ्यांनाही ओळखू येत नाही. आपल्या शास्त्रांत अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत पापोपदेश आणि दुःश्रुती हे दोन आहेत. दुसऱ्याला अहितकारक कृत्यास प्रवृत्त करणे, आणि मन बिघडवणारे ऐकणे. चौदा वर्षांच्या मुलाला न लागलेल्या भुकेची आठवण करून देणारी जाहिरात या दोन्हींत बसते, असे माझे मत आहे.

जगात याविषयी जागृती होत आहे. चिली या देशाने २०१६ पासून अति साखर, मीठ, स्निग्धांश असलेल्या पदार्थांवर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले, आणि अशा वेष्टनांवरून मुलांना भुलवणारी कार्टून चित्रे काढून टाकली. मेक्सिकोने मार्च २०२५ पासून शाळांमध्ये असे पदार्थ विकण्यास बंदी घातली. आपल्या देशातही कायदा मागे नाही. २०१० साली एका सेवाभावी संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, २०१५ साली न्यायालयाने निर्देश दिले, आणि त्याची परिणती म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये शालेय मुलांच्या आहाराविषयी विनियम काढले. ते १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. अति साखर, मीठ व स्निग्धांश असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात, वसतिगृहाच्या भोजनालयात, तसेच शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेने ५० मीटरच्या आत शालेय मुलांना विकता येत नाहीत. त्याच अंतरात त्यांची जाहिरातही करता येत नाही. महाराष्ट्र शासनाने तर त्यापूर्वीच, मे २०१७ मध्ये, शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हटवण्याचा निर्णय काढला होता. मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर वेफर्स, शीतपेये इत्यादींची जाहिरात करू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखूजन्य पदार्थ विकू नयेत, हा २००३ चा कायदा तर आपल्या सर्वांना ठाऊक आहेच. जुलै २०२४ मध्ये कॅफिनचे प्रमाण जास्त असलेल्या उत्तेजक पेयांवर शाळांपासून ५०० मीटरपर्यंत बंदी आणण्याची घोषणाही राज्याच्या विधिमंडळात झाली.

कायदे आहेत. मग तोरणे कशी टांगलेली दिसतात? कारण कायदा कागदावर मीटरमध्ये असतो आणि रस्त्यावर कोणी अंतर मोजीत नाही. ५० मीटर म्हणजे साधारण ६५ ते ७० पावले. मुख्याध्यापकांना शाळा सोडून रस्त्यावर अधिकार गाजवता येत नाही, अन्न व औषध प्रशासनाकडे मनुष्यबळ थोडे, आणि नगरपालिकेला इतर शंभर कामे. शिकवणीवर्गाच्या जिन्यापासून तर कोणी मोजण्याचा प्रश्नच येत नाही.

आता आपल्या गल्ल्याकडे

येथे मी थोडे स्पष्ट बोलणार आहे. आपण वडीलधारी मंडळी ते समजून घ्याल, असा विश्वास आहे. आपला समाज व्यापारी आहे. किराणा, घाऊक वितरण, एजन्सी हे आपल्यातील अनेकांचे पिढीजात व्यवसाय. ज्या लडी टपरीवर टांगल्या जातात, त्या कोणत्या तरी गोदामातून निघतात. टपरीवाल्याला दोष देणे सोपे आहे. तो बिचारा दिवसाच्या कमाईवर घर चालवतो आणि जे खपते तेच ठेवतो. गोदामाचा मालक मात्र काय पाठवायचे, हे ठरवू शकतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग-परिमाण व्रत आहे. श्वेतांबर परंपरेत या व्रताचे दोन भाग मानले जातात : भोजनाविषयी आणि कर्माविषयी. काय खावे याची मर्यादा आणि काय विकून जगावे याची मर्यादा ही एकाच व्रतात बांधलेली आहे. पंधरा कर्मादानांची यादी म्हणजे श्रावकाने टाळावयाच्या व्यवसायांची यादी. त्यात विषवाणिज्य आहे. बिस्किटाची पुडी म्हणजे विष, असे मी म्हणणार नाही. ती अतिशयोक्ती होईल. परंतु जे आपण स्वतःच्या नातवाला रोज देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला रोज विकताना मनाशी एकदा विचार व्हावा, एवढी अपेक्षा आपल्या पूर्वसूरींनी आपल्याकडून निश्चितच केली आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. ‘मी नाही विकले तर शेजारचा विकेल. माझे गिऱ्हाईक जाईल, मुलाचे आरोग्य काही सुधारणार नाही.’ एकट्या दुकानदारापुरते हे खरे आहे. म्हणूनच हे काम एकट्याचे नाही, ट्रस्टचे आहे. दहा दुकाने आणि दोन गोदामे यांनी एकाच दिवशी ठरवले, तर कोणाचे गिऱ्हाईक कोठे जाणार? पन्नास वर्षांत आपण मंदिर उभारले, धर्मशाळा बांधली, शिष्यवृत्त्या दिल्या, त्या सर्व एकत्र येऊनच.

काय करता येईल

पहिली गोष्ट पाण्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात मुलाला तहान लागते आणि शाळेत थंड, स्वच्छ पाणी नसेल, तर शीतपेयाच्या फ्रीजशिवाय त्याला पर्याय नसतो. पाणपोई घालणे ही तर आपली जुनी परंपरा. मोठ्या शाळांच्या फाटकाशी गाळलेल्या शुद्ध पाण्याची पाणपोई ट्रस्टने सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून बारमाही चालवावी. शीतपेयाच्या जाहिरातीला याहून चांगले उत्तर मला सुचत नाही.

दुसरी गोष्ट अल्पाहाराची. मुलांना नुसते ‘नको’ म्हणून चालत नाही, हातात काही द्यावे लागते. आपल्या मराठवाड्याकडे काय कमी आहे? भाजलेले फुटाणे, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, ज्वारीच्या लाह्या, धपाटे, मुरमुऱ्यांचा सुशीला. बोरे, पेरू काही घरांत वर्ज्य असतील, त्यांनी ती घेऊ नयेत; पण इतर समाजाच्या मुलांसाठी ती पुडीपेक्षा शतपटीने बरी. महिला मंडळ आणि बचत गटांच्या भगिनींनी पाच-दहा रुपयांत मिळेल असा अल्पाहार तयार करावा, आणि तो विकण्यासाठी फाटकाबाहेरच्या टपरीवाल्यांनाच द्यावा. त्यांना हुसकावून लावणे हा आपला मार्ग नव्हे. त्यांची टपरी राहो, माल बदलो. अन्न वर्तमानपत्रात बांधू नये, असा २०१८ चा नियम आहे. त्यांना स्वच्छ कागदी पुड्या पुरवण्याचा खर्च ट्रस्टला सहज पेलण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट प्रभावनेची. पाठशाळेत, पर्युषणात, जयंतीच्या मिरवणुकीत मुलांना पुडी आणि शीतपेय देणे आजपासून बंद करावे. सुका मेवा, चिक्की, वही, पेन, गोष्टीचे पुस्तक द्यावे. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि कोणाचे नुकसानही नाही.

चौथी गोष्ट जाहिरातींची. ट्रस्टच्या इमारतीची भिंत, क्रीडास्पर्धांचे फलक, बक्षिसाच्या वह्यांची वेष्टने आणि आपली स्मरणिका यांत शीतपेये, पुडीबंद चटकदार पदार्थ व पानमसाला यांच्या जाहिराती स्वीकारू नयेत, असा ठराव विश्वस्त मंडळाने करावा. उत्पन्न थोडे घटेल. ते घटलेले उत्पन्न आपण वर्गणीने भरून काढू; आपल्या दात्यांचे औदार्य मी जाणतो.

पाचवी गोष्ट शाळेची. केंद्रीय मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘साखर फलक’ लावण्यास सांगितले आहे. कोणत्या पेयात किती साखर, हे त्यावर लिहिलेले असते. आपल्या शहरात राज्य मंडळाच्या शाळा बहुसंख्य आहेत. त्यांनीही तसा फलक लावावा म्हणून पालक-शिक्षक संघात आपण आग्रह धरावा. आणि फलक मुलांनीच तयार करावा. वेष्टनांचे आकडे वाचून, चमच्यांत हिशेब मांडून. मुलाने स्वतः केलेला हिशेब तो सहसा विसरत नाही.

शेवटी, येथे बसलेल्या ज्या बांधवांची दुकाने शाळांच्या जवळ आहेत, त्यांना माझी नम्र विनंती. उद्या सकाळी दुकान उघडण्यापूर्वी शाळेच्या फाटकापासून आपल्या उंबऱ्यापर्यंत पावले मोजावीत. सत्तरच्या आत भरली, तर कायदा आपल्याला काय सांगतो ते मी सांगितलेच आहे. सत्तरच्या बाहेर भरली, तर कायदा गप्प बसेल. तेथे मग आपले व्रत बोलेल.

 संस्थेच्या शताब्दीला आजची पाठशाळेतील मुले येथे सुदृढ शरीराने आणि विवेकी मनाने उपस्थित असोत, अशी जिनेंद्र चरणी प्रार्थना करतो आणि माझे भाषण पूर्ण करतो.

जय जिनेंद्र!